दुसरं वल्हं

नानांच्या घरात मासे कुणीच खात नव्हतं, आणि तरी त्याच घरानं मासेमारीची होडी विकत घेतली होती. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं. पण मी ते दाबलं. ज्यांच्या ओसरीवर आपण निजतो त्यांना हसू नये, एवढी अक्कल मला होती. नाना मेंढपाळ. वडील आबा मेंढपाळ, आबांचे वडीलही मेंढपाळ. दुधना नदीच्या काठचा माळ हा त्यांचा चराईचा मुलूख. मग धरण झालं, पाणी फुगत फुगत माळावर चढलं आणि मेंढरं चारायची जागा बघता बघता पाण्याखाली गेली. ज्यांचं असं गेलं त्यांना त्या पाण्यात मासे धरायची मुभा मिळाली. बाकीच्यांनी ती मुभा व्यापाऱ्याच्या गळ्यात घातली आणि मोकळे झाले. नाना म्हणाले, "माळ माझा खाली हाये. त्याच्यावर जे फिरून राह्यलं ते मीच राखणार." मेंढरू काय आणि मासा काय, राखायचं ते राखायचं, असा त्यांचा सरळ विचार. अडचण एकच होती. त्या घरातलं कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलेलं नव्हतं. त्यांना पाण्यातला माणूस हवा होता, आणि तो माणूस म्हणून मी तिथं पोचलो.

मी वैनगंगेकाठचा, गडचिरोलीकडचा, ढिवराचा पोरगा. शाळा आठवीतच सुटली. मी सोडली की घरानं सोडवली, हे आता नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात झालं असावं. बाबाच्या डोंग्यात, म्हणजे लाकडाच्या अरुंद होडीत, एकाचीच जागा होती आणि घरात खाणारे आम्ही बरेच. आमच्या तलावांवर मासळी घ्यायला येणारा एक व्यापारी जालन्याकडेही फिरायचा. त्यानं बाबाला विचारलं, पोराला वल्हं मारता येतं का. बाबा म्हणाला, "चालाच्या आधी मारते जी." एवढ्या शिफारशीवर मी निघालो. आगगाडी, मग एसटी, मग मोसंबीच्या रिकाम्या खोक्यांच्या टेम्पोत मागं बसून. उतरलो तर नजर जाईल तिथवर काळी जमीन, कापूस, तूर, आणि भाताची नावालाही एक बांधी नाही. 

मी स्वभावानंच घाबरट. कुणी मोठ्यानं हाक मारली की आधी वाटायचं, झालं, परत पाठवणार. म्हणून त्या घरात मी बसून कधी राहत नसे. सकाळी वाडा झाडायचा, लेंड्या भरायच्या, आबांची घोंगडी उन्हात टाकायची, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नानांचा मुलगा गोरख माझ्याहून थोडा मोठा, कॉलेजात एक वर्ष जाऊन परत आलेला. तो म्हणायचा, "अय लहानू, तुला होडीसाठी आणलंय, का आमच्या मेंढरांची शेवा करायला?" माझं नाव लहानू आणि उंची नानांपेक्षाही जास्त, यावर त्या घरात रोज नवा विनोद व्हायचा. आबा तर मला बघून म्हणत, "ह्याचं नाव ठेवलं तव्हा ह्याच्या बापानं पाय मोजले नसतील." आणि माझ्या 'हो जी, नाही जी'ची नक्कल आख्खं घर करायचं. शेजारच्या पोरीसुद्धा पाणी भरताना ओरडायच्या, "बादली उचलता का जी?" तेव्हा मी लाजून मरायचो. आज कुणी तसं ओरडलं तर मी धावत जाऊन बादली उचलीन.

घराचा आवाज अजून कानात आहे. पहाटे मेंढरांचं खोकल्यासारखं बेंबाटणं, मग नानांच्या बायकोच्या, मायच्या, हातची भाकरी थापण्याचा एका लयीतला आवाज, मध्येच गोरखच्या रेडिओवरचं गाणं आणि त्यावर आबांचं ठरलेलं वाक्य, "बंद कर, मेंढरं बिचकून राह्यली." सगळे तिला माय म्हणत म्हणून मीही माय म्हणू लागलो. ती माळकरी, तिला मटणाचाही वास चालायचा नाही. घरातले बाकीचे मटण खात, पण मासा म्हणजे त्यांना पाण्यातलं किडूकच वाटे. मी मात्र भाकरीनं सुकत चाललो होतो. हे तिच्या लक्षात आलं. एके दिवशी तिनं परसात तीन दगड मांडले, पदर नाकाला लावला आणि मी आणलेली कटला माशाची तुकडी मटणासारखी येसर मसाला घालून शिजवली. मटणासारखी म्हणजे मटणाइतका वेळ. पातेल्यात शेवटी नुसते काटे आणि खळ राहिली. "झालंय का रे बराबर?" तिनं लांबून विचारलं. मी म्हटलं, "लय छान जी." ती खूश झाली आणि पुढं दर आठवड्याला तसंच शिजवत राहिली. पुढं आयुष्यात मी चांगले चांगले मासे खाल्ले. त्या काट्यांच्या आमटीसारखं पोट एकदाही भरलं नाही.

होडी जुन्या जालन्यात तयार होत होती. धान्याच्या आडतींमागच्या बोळात करीमभाई म्हणून एक जण पाण्याच्या फायबरच्या टाक्या करायचा. त्याच हातानं तो अधूनमधून होडीही करी. पैसे देऊन झाले होते, होडीचं अंग तयार होतं. एका बाजारच्या दिवशी नाना, गोरख आणि मी ती बघायला गेलो. पिवळ्या-काळ्या टाक्यांच्या मधोमध ती उपडी पडली होती, अजून रंग नव्हता. नानांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मेंढी घेताना फिरवतात तसा, कणा चाचपत. "आंग भरलेलं हाये," ते म्हणाले.

"आंग झालं नाना," करीमभाई म्हणाला, "आता दागिने बोला. पोरगी लग्नाची झाली, तिला तशीच नांदायला धाडता का?" आणि त्यानं मागचं शेड उघडलं. तिथं काय नव्हतं! होडीच्या मागं लावायचं इंजिन, लोखंडी नळ्यांवरचं छत, मासळीसाठी बर्फाची पेटी, दिवा आणि बॅटरी, ट्रकला असतो तसला कर्णा, नारिंगी जाकिटं, नांगर, हलक्या पत्र्याची वल्ही, लाकडाची वल्ही. गोरख इंजिनाजवळ गेला आणि तिथून हललाच नाही. त्यानं दोरी ओढून पाहिली. ते दोनदा खोकललं आणि तिसऱ्यांदा सुरू झालं. त्या बोळात एवढा आवाज झाला की समोरच्या आडतीवरचा हमाल पोतं टाकून बघायला आला. गोरखचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मेंढरांमागं चालताना तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"सगळंच घ्या," गोरख म्हणाला.

"सगळं घेशील तर कश्ती पाणी पिईल," करीमभाई म्हणाला. "छोटी हाये ती. इंजन घ्या, पेट्रोलचा डबा घ्या, पेटी घ्या, मंग माणूस एकच. अन् इंजनाला लागतो बी एकच. तोच चालवतो, तोच जाळं वढतो. इंजन नको म्हणता, तर दोन वल्ही अन् दोन माणसं. हे मात्र जल्दी सांगा. इंजन असलं तर मागची फळी जाड करायला लागते, वल्ही असली तर बाजूला खुंटे. एकदा रंग झाला की मी हात लावणार न्हाई."

तो हे अगदी सहज म्हणाला. पण गोरखनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, आणि मला सगळं कळलं. एक माणूस म्हणजे गोरख. इंजिन चालवायला तो आठ दिवसांत शिकला असता, जाळं टाकायला महिन्यात. मग माझं तिथं काम काय? मी त्या शेडमध्ये उभा होतो आणि मला डोळ्यासमोर आमच्या गावचा थांबा, बाबाचा चेहरा आणि "आला का परत?" एवढे तीनच शब्द दिसत होते. नाना म्हणाले, "पुढल्या बाजारी सांगतो," आणि आम्ही निघालो. वाटेत मला भजी खाऊ घातली. ती मी कागदात गुंडाळून तशीच घरी आणली.

तो आठवडा त्या घरात दुसरं बोलणं झालं नाही. जेवायला बसलं की होडी ताटात यायची. मायला छत हवं होतं. "डोक्यावर सावली असू द्या. मेंढरामागं झाड तरी भेटतं, पाण्यात काय भेटतं?" मग कळलं की छताला वारा धरतो आणि होडी कलंडते, तेव्हा तिनं छत सोडून जाकिटं धरली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाहीत. आबांना नांगर काय असतो ते गोरखनं सांगितलं. आबा घास थांबवून म्हणाले, "पाण्यात नांगर? काय पेरता रं तिथं?" त्यांना स्वतःला एक घंटी हवी होती. कळपात पुढच्या बकऱ्याला घंटी असते, मग होडीला नको? गोरख वैतागायचा. "आबा, मासे घंटीनं पळून जातील." "मंग तुझ्या त्या फटफटीनं जवळ येऊन बसतील काय?" सगळे हसायचे. मीही हसायचो, पण जरा उशिरा. कारण मी मधल्या काळात नानांच्या तोंडाकडं बघत असायचो. नाना हसत, जेवत आणि इंजिनाबद्दल एक शब्द बोलत नसत.

गोरखचा राग मला तेव्हाही आला नव्हता आणि आजही येत नाही. त्यानं मला कधी वाईट वागवलं नाही. उलट त्या आठवड्यात तो माझ्याशी जास्तच गोड बोलायचा. वाड्यात एकदा म्हणाला, "लहानू, तू हुशार हायेस. तुला कुठंबी काम भेटंल. अंकुशनगरला साखर कारखान्यावर माझा वळखीचा हाये." मी "हो जी" म्हटलं. त्याला पाण्यावर जगायचं होतं. मेंढरांमागची पायपीट त्याला नको होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही इंजिनच मागितलं असतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी नानांनी मला धरणावर नेलं. मेंढरं पाण्याला लावली आणि आम्ही काठावर बसलो. दुपार चढली की त्या पाण्यावर वारा सुटतो. आमच्याकडचे तलाव लहान, झाडीनं वेढलेले. तिथला वारा पाण्याला नुसता खाजवून जातो. इथं उघडा माळ, आणि वारा पार पलीकडच्या काठापासून पाणी ढकलत आणतो. नानांनी काठी लाटांकडं रोखली. मग म्हणाले, "खरं सांग. तुझ्या बापाच्या पाण्यावर हात ठेवून सांग. ह्या पाण्याला इंजन लागतं का वल्हं?"

मला आजही माझ्या त्या वयाचं नवल वाटतं. एरवी कुणी रागावू नये म्हणून मी काटे खाऊन "छान जी" म्हणणारा. पण पाण्याबद्दल खोटं बोलता आलं नाही. आमच्यात ते करत नाहीत. पाण्याबद्दल खोटं बोललेलं कुणाच्या तरी जिवावर जातं. मी म्हटलं, "इंजिन घ्या नाना. मासळी पडते ती जुन्या नदीच्या पात्रात, लय लांब. दुपारच्या वाऱ्यात वल्ह्यानं परत येता येता जीव जाते. गोरखदादा शिकन."

"मंग तू?"

"मी जाईन जी गावाला."

  एक कोकरू पाण्यात जास्तच पुढं गेलं होतं, नाना उठून त्याला काठीनं मागं घ्यायला गेले. त्या संध्याकाळी मी माझे दोन सदरे धुवून वाळत घातले, जायची तयारी म्हणून. मायनं ते बघितलं. ताटात भाकरी वाढताना वरून तुपाची धार जरा जास्त धरली.

दुसऱ्या दिवशी आबाही हट्टानं बरोबर आले. करीमभाईनं खुर्ची दिली तर ते होडीजवळ खालीच बसले. गोरख सरळ इंजिनाजवळ गेला. "बोला नाना," करीमभाई म्हणाला, "फळी जाड करू?" नानांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा म्हणजे हळद, ती त्यांच्याजवळ नेहमीच असायची. मेंढी विणली, कुणी आजारी पडलं, कुठं निघालं की कपाळाला लावायची. मला वाटलं होडीला लावणार. लावलाच. पण होडीच्या नाकाला लावून उरलेला त्यांनी मुठीत धरला, मूठ वर केली आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्या होडीला दोन वल्ही. एक माझं अन् दुसरं ह्या लहानूचं. होडी पाण्यात हाये तवर ह्याच्यात फरक न्हाई." आणि त्यातली चिमूट माझ्या कपाळाला लावली.

 आबा हळूच म्हणाले, "अरं, भंडारा कशाला उचललास? नुसतं सांगितलं असतं तर भागलं असतं." नाना म्हणाले, "नुसतं सांगितलेलं मी उद्या फिरवलं असतं, आबा. पोरगं मला माझ्याच फायद्याचं बोललं अन् घरी जाऊन सदरे धुतले." मग करीमभाईकडं वळून, "मी मेंढराला माणूस ठेवतो, तो वर्षाला कोकरू घेतो अन् घरचा होतो. त्याला काढून कुत्रं बांधत न्हाई." यातलं आबांना सांगितलेलं फक्त आम्ही जवळ होतो त्यांनीच ऐकलं. गोरख तोवर बोळातून बाहेर पडला होता. परत येताना तो आमच्या गाडीत नव्हता.

 मी रडलो हे खरं. पण भंडारा उचलणं म्हणजे काय हे मला कळलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आमच्याकडं शपथ नदीची घेतात आणि चार माणसांत चूक कबूल करून सोडवतातही. मला वाटलं, नानांनी मला ठेवून घेतलं, देवाच्या साक्षीनं ठेवून घेतलं. ते स्वतः बांधले गेले, हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

घेतली ती लाकडाची वल्ही, जाकिटं, आबांसाठी एक बारकी पितळी घंटी, आणि नांगर न घेता दगड. होडी पाण्यात उतरली त्या दिवशी मायनं तिची ओटी भरली. पुढचं वर्ष-दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. नानांना वल्हवायला शिकवताना हसून हसून पोट दुखायचं. वल्हं मारणारा पाठ पुढं करून बसतो, हे त्यांना पटेचना. "जिकडं जायचं तिकडं पाठ? धनगर कळपाच्या मागं चालतो, कळप डोळ्यापुढं ठेवून! ही कसली उलटी रीत?" शेवटी ते माझ्याकडं तोंड करून, वल्हं ओढण्याऐवजी ढकलत बसायचे, आणि मी ओढायचो. समोरासमोर. जगात कुणी तशी होडी चालवली नसेल, पण आमची चालायची. लांबच्या पात्रात आम्ही क्वचितच जायचो. वाऱ्याआधी परतायचं म्हणून. मासळी बेताची मिळायची. गोरख काठावर उभा राहून ती व्यापाऱ्याच्या क्रेटमध्ये भरून द्यायचा, आणि लांबवर दुसऱ्या कुणाची इंजिनाची होडी फटफटत गेली की मान वर करून बघायचा. वर्षाच्या शेवटी नानांनी मला एक कोकरू दिलं. मी त्याला तिथंच वाड्यात ठेवलं.

मग घरून निरोप आला. बाबा झाडावरून पडला होता, कमरेतून गेला होता. मी पंधरा दिवसांसाठी म्हणून निघालो. माय एसटीपर्यंत आली, शिदोरीत धपाटे दिले. नाना म्हणाले, "बापाला बरं कर, मंग ये. तुझी जागा हलत न्हाई." बाबा अंथरुणातून उठलाच नाही, आणि पुष्कळ वर्षं जगला. दोन बहिणींची लग्नं, बाबाचं औषधपाणी, त्याचाच डोंगा. मी अडकलो तो अडकलोच. मोबाइल आल्यावर मी अधूनमधून गोरखच्या नंबरावर फोन करायचो. नाना फोनवर मोठ्यानं ओरडून बोलत, जणू वैनगंगेपर्यंत आवाज पोचवायचाय. "होडी कशी आहे जी?" "हाये बराबर. तू बापाला बघ." प्रत्येक वेळी एवढंच. मला वाटायचं, केव्हाच इंजिन लावलं असणार, गोरख फिरवत असणार. बरंच झालं, असंही वाटायचं. मग नाना गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा शेवटच्या घटकेला होता. तेव्हाही मी गेलो नाही.

गेलो तो अगदी आत्ता, गुडघे दुखायला लागल्यावर. एका नात्यातल्या लग्नाला परभणीला गेलो होतो, तिथून वाट वाकडी केली. माय बारीक झाली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी "आलो जी" म्हटलं आणि तिनं त्या 'जी'वरूनच ओळखलं. होडी वाड्याच्या भिंतीशी उपडी होती, वर शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या. मी तिच्या मागच्या बाजूला हात घालून चाचपलं. फळी पातळच होती. इंजिन कधी लागलंच नव्हतं.

मायनं सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगतो. मी गेल्यावर नाना एका वल्ह्यानं, मागं उभं राहून, काठाकाठानं जायचे. दुसऱ्या वल्ह्याला त्यांनी हात लावला नाही आणि कुणाला लावूही दिला नाही. गोरख पाया पडला, म्हणाला मी बसतो त्या जागेवर. नाना म्हणाले, "भंडाऱ्यात तुझं नाव न्हाई." दुसरी होडी घेऊ म्हणाला, तर म्हणाले, "होडी बदलली म्हंजे शब्द बदलतो काय?" एकदा वाऱ्यात सापडले, रात्र व्हायच्या आत लोकांनी काढलं, पण उजवा खांदा गेला. होडी काठावर आली ती आलीच. घरची मेंढरं विकली, नाना उतारवयात दुसऱ्याची मेंढरं वळायला गेले आणि त्या पायपिटीतच संपले. आणि गोरख जालन्याला लोखंडाच्या भट्टीवर.

"हे सुटण्यासारखं नव्हतं का माय?" मी विचारलं.

"व्हतं की. ज्याच्या नावानं उचलला त्यानं येऊन भंडारा पाण्यात सोडायचा. चिमूटभर. मंग मोकळं."

"अन् मला कुणीच सांगितलं नाही? मी आलो असतो ना जी!"

"आला असतास," माय म्हणाली. "म्हणूनच न्हाई सांगितलं. तुमचे नाना म्हणायचे, सांगितलं तर पोरगं अंथरुणातल्या बापाला टाकून येईल, अन् आलं की पुन्हा जायचं न्हाई. मीच त्याला कशाला पाप लावू?"

मी म्हटलं, "आता सोडू का?" तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "आता कुणाला सोडवतोस, बाबा? नाना गेल्ते तव्हाच सुटलं ते." आणि कणीक मळायला उठली.

संध्याकाळी गोरख कामावरून आला. केस पिकलेले, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. मला बघून त्यानं डबा खाली ठेवला, पण जवळ आला नाही. पाय धुतले, तोंड पुसलं, मग ओसरीवर माझ्यासमोर बसला. मुलांचं, पावसाचं थोडं बोलणं झालं. मग तो एकदम म्हणाला, "एक विचारू का लहानू? इतके वर्ष मनात ठिवलंय. त्या आठवड्यात नाना तुला धरणावर घेऊन गेल्ते. तू एक शब्द बोलला असता, की नाना इंजन घ्या, तर त्यांनी तुझं ऐकलं असतं. पाण्याचं ते फक्त तुझंच ऐकायचे. एक शब्द. तुला तुझ्या जागेचं पडलं व्हतं, मी समजतो. मी बी तसंच केलं असतं. पण बोलला असता तर आज नाना आसते, अन् मी भट्टीवर नसतो."

चुलीपाशी मायचा हात थांबला. तिला ठाऊक होतं. नानांनी तिला सांगितलेलं असणारच. तिनं मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघून हलकेच मान हलवली. तिला दिसलं की नाही कोण जाणे, पण ती बोलली नाही.

मी काय सांगणार होतो? की मी बोललो होतो, आणि तुझ्या बापानं ऐकलं नाही? की त्यानं तुझं इंजिन, तुझं पाणी माहीत असून माझ्या हाती दिलं? गोरखजवळ बापाचं आता एवढंच उरलं होतं, की तो दुसऱ्याच्या भिडेपायी फसला. ते काढून घेऊन मी त्याला काय देणार होतो? हे आज मी लिहितो आहे, कारण गोरख काही पुस्तकं वाचणारा नाही. आणि कधी वाचलंच, तर तोही आता बाप आहे, समजून घेईल.

"हो गोरखदादा," मी म्हटलं. "बोलायला पाहिजे होतं. भ्यालो मी."

 मग त्याच्या खांद्यातलं काहीतरी सैल झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडं नीट बघून हसला. "मला ठावकी व्हतं," तो म्हणाला, आणि आत हाक मारली, "माय, लहानूला पुढं वाढ. लांबून आलाय त्यो."